वहीत नसलेली घरघर

त्याचं खरं नाव दुकानाच्या पावतीपुस्तकावर छापलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. सगळे त्याला कानसेन म्हणत. एका गिऱ्हाइकाने चेष्टेत दिलेलं हे नाव त्याला असं चिकटलं, की टपालवालासुद्धा "कानसेन आहेत का?" असं विचारून पाकीट देई. गाण्याचं अंग त्याला अजिबात नव्हतं. काम करताना चुकून शिट्टी वाजवली, तर बायको म्हणायची, "अहो, राहू द्या. कुणीतरी गॅस बंद करायला धावेल." पण ऐकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

घरगुती कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज कमी करून देणं हे त्याचं खास काम. बाकीच्या दुरुस्त्याही तो करी, त्यावर दुकान चाले. पण लांबलांबून लोक यायचे ते आवाजासाठी.

ऐकायला तो शिकला पंख्यांच्या कारखान्यात. अठरा वर्षं तो ऐकण्याच्या टेबलावर होता. तयार झालेला प्रत्येक पंखा त्याच्यापुढे एक मिनिट चालवला जाई. वीतभर लांबीच्या लाकडी काडीचं एक टोक मोटरीवर टेकवायचं, दुसरं उजव्या कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. मिनिटाने डोळे उघडून एक शब्द बोलायचा: "पास", नाहीतर "परत". अठरा वर्षांत कामावर आपण दोनच शब्द बोललो, असं तो सांगे, आणि बायको म्हणे, "म्हणून उरलेले सगळे घरी येऊन बोलता होय?" कारखाना बंद झाला तेव्हा लोकांनी जाताना खुर्च्या नेल्या, टेबलं नेली, एकाने तर घड्याळ नेलं. याने ती काडी खिशात घातली.

दुकान एका शटरचं, शिंप्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मधे. आत लांब बाक, त्यावर काळं रबर अंथरलेलं, बरण्यांत निरनिराळे ब्रश, खिळ्याला टांगलेली सायकलची जुनी ट्यूब. ट्यूबच्या तो चकत्या कापी आणि पंख्याच्या स्क्रूंखाली घाली, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. बाकाच्या टोकाला छोटा काउंटर, तिथे बायको बसे. आणि बाकाच्या खणात ती वही.

वहीवर नाव होतं 'आवाज'. पानापानावर एकेक शब्द आणि त्यापुढे कारण. खरखर म्हणजे धूळ. टकटक म्हणजे वायर पात्याला लागते आहे. किरकिर म्हणजे आतलं तेल सुकलं. घुरघुर म्हणजे पंखा बरा आहे, झाकणाचा पत्रा थरथरतो आहे. भणभण म्हणजे पंखा लहान आहे आणि जिवाच्या आकांताने पळतो आहे. त्याला काढून मोठा, संथ पंखा बसवावा. सूं म्हणजे वारा जातो आहे, आणि तो जायलाच हवा. सूं कधी पूर्ण घालवायची नाही, हे त्याने लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"बोला, कसा वाजतो?"

"वाजतो म्हणजे, आवाज येतो हो."

"आवाज येतो म्हणून तर आलात. कसा? करून दाखवा."

एकदा एका बँकेतल्या जाडजूड साहेबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, शिंपी बघत नाही याची खात्री केली, आणि मान खाली घालून म्हणाले, "टर्रर्र." मग थोडं थांबून पुन्हा, "टर्रर्र."

"टर्रर्र की टकटक?"

"टकटक नाही. टकटक आमच्या सासऱ्यांच्या कवळीची."

काउंटरमागे बायकोने पावतीपुस्तक तोंडापुढे धरलं.

एक शब्द मात्र त्या वहीत नव्हता. कुणी म्हणालं, "नुसती घरघर करतो हो," की त्याचे हात थांबत. "घरघर माणसाला लागते," तो म्हणे, "यंत्राला नाही. नीट आठवून सांगा." तो हे रागाने म्हणत नसे, पण गिऱ्हाईक गडबडून जाई आणि दुसरा शब्द शोधी. त्याच्या वडिलांच्या घशात तीन दिवस घरघर होती. तो खाटेच्या एका बाजूला बसून होता, हातात काडी असल्यासारखा, आणि जगातला हा एकच आवाज असा होता की ज्याच्यापुढे लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं. खाटेच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको बसली होती. त्यामुळे हा शब्द वहीत का नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

काम संपलं की शेवटचा एक रिवाज होता. झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचं: तारीख, आवाज, उपाय. खाली सहीऐवजी एक छोटा कान. प्रश्नचिन्हासारखा दिसे तो. पाच वर्षांनी कुणी झाकण उघडलं तरी त्याला कळावं की आत कोण येऊन गेलं, कशासाठी आलं आणि काय करून गेलं. पुढे त्याचं जवळचं दिसणं धूसर झालं, ओळी एकमेकींवर चढू लागल्या, तेव्हा बायको लिहू लागली. तो बोले, ती लिही. "तारीख घे. खरखर. साफ केला, चकत्या घातल्या." मग तो पेन्सिल घेऊन कान तेवढा स्वतः काढी. हळूहळू तिचं अक्षर थेट त्याच्यासारखं झालं. ट आणि ढ तर कुणाचा कुठला ते देवाला ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी दुकानात मेहुणा आला. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने त्याला कडेवर घेऊन वाढवला होता. हसरा, बोलघेवडा, पायाला भिंगरी. आधी चार धंदे करून झाले होते, प्रत्येक धंदा त्याने झटपट सुरू केला आणि झटपट सोडला, म्हणून कानसेनने त्याचं नाव झटपटराव ठेवलं. त्याला दुकानात घ्यायची गोष्ट बायकोने काढली नव्हती. कानसेननेच काढली होती. "बस की माझ्याजवळ," तो म्हणाला होता. "मला तरी शिकवायला कोण आहे?"

पहिल्याच दिवशी त्याने मेहुण्याच्या हातात काडी दिली. मेहुण्याने ती कानामागे लावली, पाच सेकंद डोळे मिटले आणि म्हणाला, "भावोजी, मला तर समुद्र ऐकू येतोय."

"अजून ऐक."

"आता जहाज आलं."

सगळे हसले. कानसेनही हसला. काडी पुन्हा खणात गेली आणि त्यानंतर मेहुण्याने ती कधी मागितली नाही.

यंदा मार्चमध्ये कानसेनच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला, आधी एक, मग दुसरा. सात आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. तो काळा चष्मा लावून घरी खुर्चीत बसे आणि मेहुणा संध्याकाळी येऊन सांगे, "आज चार मशीन गप्प केली, भावोजी." दुसऱ्या दिवशी पाच. कानसेनला दिवसाला दोन जमत. तो समाधानाने मान हलवी. "शिकला," तो बायकोला म्हणे.

मे महिन्यात तो दुकानात परत आला. वाटेत लोक थांबवून कौतुक करू लागले. "काय जादू केलीत हो! आधी थोडी सूं राहायची. आता मशीन चालू आहे की बंद तेच कळत नाही." त्याला एवढंसंही खटकलं नाही. खटकायला हवं होतं. लाल शाईचं वाक्य त्याने स्वतःच लिहिलेलं होतं. पण कौतुक कानात शिरलं की तिथे दुसऱ्या कशाला जागा राहत नाही. तो बायकोला म्हणाला, "तुझा भाऊ माझ्या पुढे गेला गं." ती "हं" म्हणाली आणि पावती फाडू लागली. समोर गिऱ्हाईक नव्हतं. पावती कुणासाठी फाडतेस, हे त्याने विचारलं नाही. ते त्याला आठवलं ऑक्टोबरात.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता वाचनबाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. घरच्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि ते वाचन कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करून अंध वाचकांच्या संस्थेला पाठवायच्या. त्यांच्या आवाजामागे पंखा ऐकू येऊ नये म्हणून कानसेनने पूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरवर तीन दिवस काम केलं होतं. तो मोजक्याच लोकांच्या घरी जाऊन चहा पिई, त्यांत त्या एक होत्या. आज टॅक्सीवाल्याने त्यांचा कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला आणि त्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बसलेला होता, जरा फाटलेला.

"बाई, बरं नाही का?"

"उन्हाळ्यात आजारी होते. घशाचं ऑपरेशन झालं. ते सोडा. हा दोन महिने आपोआप बंद पडत होता. मी तुमच्या माणसाला तीनदा फोन केला. तो म्हणाला, बाई, जुना झालाय, विश्रांती द्या. शुक्रवारपासून सुरूच होत नाही. माझी नऊ प्रकरणं आत आहेत."

"प्रत काढून ठेवली नव्हती?"

"पुस्तक पुरं झालं की पाठवते मी, तुम्हाला ठाऊक आहे. पहिली वीस मागच्याच वर्षी गेली. ही शेवटची नऊ. आजारपणाच्या आधी वाचलेली." त्या थांबल्या. "माझ्या चांगल्या आवाजातली."

कानसेनने कॅबिनेट आडवं केलं आणि चार स्क्रू काढले. झाकण उचललं तसा भाजलेल्या धुळीचा वास आला. मागचा मोठा पंखा, जो त्याने स्वतःच्या हाताने चकत्यांवर बसवला होता, जागेवर होता. त्याची वायर उपटून पिवळ्या चिकटपट्टीने कडेला चिकटवून टाकली होती. प्रोसेसरवरचा पंखा फिरेल न फिरेल इतका मंद करून ठेवलेला असणार, हे त्याला चालू न करताही कळलं. मशीन तापलं तर ओरडायला एक छोटा भोंगा असतो. त्याचीही वायर काढलेली होती. आग लागलेल्या घरात कुणी माणसाचं तोंड बांधून ठेवावं, तसं ते होतं.

झाकण बाईंच्या हातात होतं. त्या वाचणाऱ्या बाई. अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची जन्माची सवय. फाटक्या आवाजातही त्यांचे उच्चार स्वच्छ होते.

"'नऊ एप्रिल. घरघर. बंद केली.'"

दुकानात हा शब्द झाकणावरून कधी कुणी वाचला नव्हता. काउंटरमागे पेन्सिल चालत होती, ती थांबली. ते त्याने ऐकलं.

"तुम्हीच लिहिलंत ना हे?" बाईंनी विचारलं. "अक्षर तुमचंच आहे."

त्याने झाकण हातात घेतलं. नव्या डोळ्यांना प्रत्येक अक्षर लख्ख दिसत होतं. ट नव्हता, ढ नव्हता, तरी घ सांगत होता. खाली कान नव्हता.

"अक्षर आमच्याच दुकानाचं आहे, बाई," तो म्हणाला. "दोन दिवस द्या."

"तुम्ही माझ्याशी असं वागाल असं वाटलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि पायरी उतरून गेल्या. रागावून बोलल्या असत्या तर सोसलं असतं. त्या नुसत्या नवलाने बोलल्या.

तो काउंटरकडे वळला. बायकोने पावतीपुस्तक मिटलं, पेन्सिल त्याच्यावर ठेवली.

"तू लिहिलंस."

"हो."

"त्याने सांगितलं म्हणून?"

"त्याने सांगितलं, ताई, झाकणात काहीतरी लिही, नाहीतर भावोजींना संशय येईल. काय लिहायचं ते त्याने सांगितलं नाही. त्याला काय, खरखर नि किरकिर सगळं सारखंच."

"मग तूच निवडलास हा शब्द."

"मी वहीत नसलेला शब्द लिहिला," ती म्हणाली. "आणि कान काढला नाही. कान तुमचा. तो मी कसा काढू? मला वाटलं, तुम्ही एक तरी झाकण उघडाल. उघडलंत की तुम्हाला कळेल. मग मला सांगावं लागणार नाही."

"सांगायला तोंड नव्हतं?"

"तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं. तो म्हणे, भावोजी परत आले की मी सगळं नीट करीन, ताई, शप्पथ. मग तुम्ही परत आलात, आणि त्याचंच कौतुक करत बसलात. कुठल्या तोंडाने सांगू?"

"पाच महिने, अगं."

"रोज वाटायचं, आज उघडाल."

"कशाला उघडू मी?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आत तुझं अक्षर असणार हे मला ठाऊक होतं. मग उघडायचं कशाला?"

शेजारून शिंप्याचं मशीन चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं.

सव्वा वाजता मेहुणा शीळ घालत आला. हातात नव्या पंख्यांचे दोन खोके.

"झटपटराव, पंख्याची वायर कुणी काढली?"

"कुठल्या मशीनची?"

"कुठल्या? म्हणजे किती काढल्यास?"

मेहुण्याने ताईकडे पाहिलं. ताई भिंतीकडे बघत होती. त्याने खोके खाली ठेवले आणि हसायचा प्रयत्न केला. "भावोजी, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. लोक काय सांगतात? आवाज बंद करा. मी बंद केला. पंखा चालू ठेवा असं सांगितलंय का कुणी?"

"पंखा काय शोभेला असतो?"

"अहो, नव्वद टक्के मशीनना काही होत नाही."

"आणि भोंगा? तो का तोडलास?"

"तो सारखा ओरडायचा."

"तापलं म्हणून ओरडायचा, गाढवा!"

"हेच, हेच तुमचं!" आता मेहुण्याचंही हसू गेलं. "तुम्ही एकेका मशीनला दोन-दोन दिवस कान लावून बसणार. तुमचं ऐकून होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. दहा मिनिटांत गप्प केलं की हात जोडतात मला. तुम्हाला जोडले होते कधी? आणि तुम्हीच म्हणालात ना, तुझा भाऊ माझ्या पुढे गेला? ताईने सांगितलंय मला."

ती गोष्ट तो बायकोपाशी बोलला होता. फक्त तिच्यापाशी. वायर तोडल्याचं जितकं लागलं नव्हतं तितकं हे त्याला लागलं, आणि का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"किल्ली ठेव," तो म्हणाला.

मेहुण्याने किल्ली काउंटरवर ठेवली. "ताई, येतो," म्हणाला. भावोजींना काही म्हणाला नाही. महिन्याच्या आत पलीकडच्या गल्लीत त्याने स्वतःचं दुकान थाटलं. वर पाटी: 'कॉम्प्युटरचा आवाज बंद, दहा मिनिटांत'. गर्दी चांगली असते, असं चष्मेवाला सांगे. कुणी विचारलं नसतानाही सांगे.

त्या दुपारी कानसेनने बाईंची हार्ड डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि कितीतरी दिवसांनी काडी हातात घेतली. एक टोक डिस्कवर, दुसरं कानामागे. डोळे मिटले. आतून जो आवाज आला त्यासाठी त्याला वही उघडावी लागली नाही. ओला, अडखळता, मधेच थांबणारा आणि आता संपला म्हणेस्तोवर पुन्हा सुरू होणारा. इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता, की हा आवाज यंत्राला नसतो. त्याने काडी काढली नाही. आवाज पुरता थांबेपर्यंत, चांगली वीस मिनिटं, तो तसाच बसून राहिला. खाटेशी बसला होता तसाच. यावेळी दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं; बायको काउंटरमागे उभी होती, तिला पुढे यावंसं वाटत होतं, हे त्याला तिच्या पावलांवरून कळत होतं. ती आली नाही आणि त्याने बोलावलं नाही.

नऊ प्रकरणं गेली.

गुरुवारी तो स्वतः कॉम्प्युटर घेऊन बाईंकडे गेला. नवी डिस्क घातलेली, पंखे पुन्हा जोडलेले, भोंगा जागेवर. त्याने चालू करून दाखवला. हलकीशी सूं आली.

"हा आवाज राहील, बाई. माइक थोडा लांब, पडद्याच्या बाजूला ठेवला की मुद्रणात येणार नाही. पण राहील."

"आणि प्रकरणं?"

"नाही वाचवता आली."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "पुन्हा वाचीन. काय करायचं! ऐकणाऱ्यांना वाटेल, विसाव्या प्रकरणानंतर बाई बदलल्या." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "कानसेन, मला एकदा खरं सांगा. हे तुम्ही केलंत?"

वाटेत त्याने याचं उत्तर तयार केलं होतं. मेहुण्याने केलं, बायकोने लिहिलं, मी नव्हतोच, माझे डोळे बांधलेले होते. प्रत्येक शब्द खरा होता. पण बायकोने लिहिलं, हे वाक्य तोंडात आलं आणि तिथेच अडलं. ते बोललं की ते साऱ्या गावाचं झालं असतं.

"माझ्या माणसाने केलं," तो म्हणाला. "मी झाकण उघडून बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

"घरचीच माणसं होती, बाई."

बाईंनी मान हलवली. चहाचं विचारलं नाही. तोही थांबला नाही. जाण्याआधी त्याने झाकण काढून बायकोच्या ओळीखाली लिहिलं: 'पंखा पुन्हा जोडला. आवाज राहील.' खोडरबर खिशात होता, पण वरची ओळ त्याने खोडली नाही. खाली कान काढला.

वायर काढलेली अशी आणखी बावीस मशीन होती. बायकोने त्या त्या पावतीच्या स्थळप्रतीमागे एक बारीक फुली करून ठेवली होती. तिने त्या बावीस पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि तो पुढचे तीन आठवडे घरोघर फिरला. एकाने मशीन विकून टाकलं होतं. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. बाकीच्या एकोणीस घरी त्याने झाकण उघडलं, प्रत्येक ठिकाणी तोच शब्द वाचला, वायर जोडली, आणि बहुतेक ठिकाणी बोलणी खाल्ली.

बँकेतले साहेब म्हणाले, "अहो, हे काय? दुरुस्त करायला आलात आणि आवाज लावून चाललात?"

"साहेब, तो श्वास आहे."

"मग आधी सहा महिने श्वास न घेता कसं चाललं?"

"तुमचं नशीब."

"तुमच्या मेहुण्याचं काम बरं होतं बुवा," साहेब म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

घरी दोघांचं बोलणं सुरू होतं. दूध आलं का, बिल भरलं का, चष्मा कुठे ठेवला. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर त्याला काही बिघडलंय असं वाटलं नसतं. कानसेनला मात्र त्यातून एक आवाज कमी झालेला कळत होता. पूर्वी दिवसभरात जे जे घडे ते तो तिला सांगे. आता काही घडलं की तो सांगायला तोंड उघडे, आणि मग ती गोष्ट कुठे जाईल याचा विचार करून तोंड मिटे.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी बऱ्याच दिवसांनी एक नवं गिऱ्हाईक आलं. तरुण मुलगी, घरून हिशेबतपासणीचं काम करणारी. "टकटक," तिने सांगितलं, "आणि मधेमधे टक्-टक्-टक्, कुणीतरी दार वाजवल्यासारखी." दीड तास लागला. एक वायर पात्याला घासत होती. त्याने ती बांधली, धूळ काढली, चकत्या घातल्या. मुलगी दाराजवळच्या बाकड्यावर बसून होती.

झाकण उलटं करून त्याने बाकावर ठेवलं आणि सवयीने म्हणाला, "तारीख घे."

काउंटरमागून बायको उठली. पेन्सिल तिच्या हातात होतीच. अंगठ्याएवढी राहिलेली, मागचं टोक दातांनी चावलेलं; विचार करताना चावायची तिची सवय. ती येऊन झाकणावर वाकली, पेन्सिल टेकवली आणि वाट बघत राहिली.



डोळ्यांनी तर त्याला मे महिन्यापासूनच स्वच्छ दिसत होतं. तरी इतके दिवस तो तिला लिहायला सांगत आला होता, कारण ती वाकून लिहायची तेव्हा तिच्या केसांतली पांढरी रेघ त्याच्या हनुवटीजवळ येई आणि झाकणावर दोघांचं म्हणून एकच अक्षर उमटे. ते त्याला आवडायचं. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

"पेन्सिल दे," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. मुलगी बाकड्यावरून बघत होती. बायकोने पेन्सिल त्याच्या तळहातावर ठेवली आणि बाजूला झाली.

त्याने तारीख लिहिली. टकटक लिहिलं. ट पहिल्यांदा जरा वाकडा आला, दुसरा बरा आला. उपाय लिहिला. पेन्सिल फार आखूड होती. लिहिताना तिच्या दातांच्या खुणा त्याच्या बोटाला लागत होत्या. खाली त्याने कान काढला, फुंकर मारून शिशाची भुकटी उडवली, आणि चारही स्क्रू आवळून झाकण बंद केलं.